सातवीच्या पोरांचा पॉडकास्ट: परवानगी, तांदळाची पोती आणि टिल्लू मोटार

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या-अनोळखी शिक्षकांचे फोन येतायत, मॅडम आम्हालाही पोरांकडून पॉडकास्ट करून घ्यायचाय, माईक कोणता घेऊ? माईकचं पुढे सांगतेच, पण माईक हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते, तारखा, खर्च, कागद सगळं.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत भाषा शिकवते. शाळा आठवीपर्यंत. गावातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आमच्याकडे 'कारखान्याला गेले' म्हणतात. गावाचं, शाळेचं, मुलांचं नाव लिहिणार नाही, का ते वाचताना कळेलच.

हे डोक्यात आलं ते अमेरिकेतल्या एका स्पर्धेमुळे. तिथला एनपीआर रेडिओ शाळकरी मुलांसाठी पॉडकास्टची स्पर्धा घेतो. २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी मिडल स्कूल गटात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या मुलींचा पॉडकास्ट पहिला आला आणि विषय होता मासिक पाळी. स्पर्धा तिकडच्याच शाळांसाठी आहे, आपल्याला भाग घेता येत नाही, पण सहावी-सातवीच्या पोरी स्वतःच्या शाळेत ज्यावर कुणी बोलत नाही ते माईकवर बोलतात हे मला लई आवडलं होतं. करायचं करायचं म्हणून राहून गेलं. मग मार्च २०२४ मध्ये आनंददायी शनिवारचा शासन निर्णय आला, पहिली ते आठवीला शनिवारी पुस्तकाबाहेरचं काही घ्यायचं, म्हटलं चला, निदान वेळापत्रकात जागा तरी झाली.

१५ जूनला शाळा सुरू झाली. पहिले दोन-तीन शनिवार सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना नुसतं विचारत होते की गावात काय बदलायला पाहिजे. उत्तरं काय आली असतील तुम्हीच सांगा. स्वच्छता, वृक्षारोपण, व्यसनमुक्ती, पर्यावरण संवर्धन. सगळे निबंधाच्या पुस्तकातले विषय, एकाही पोराच्या तोंडून त्याचं स्वतःचं काही निघेना. मग प्रश्न बदलला, काल-परवा तुमच्या घरात भांडण कशावरून झालं? वर्ग एकदम जिवंत झाला. पाण्यावरून. मोटारीवरून. बहिणीची एसटी चुकली आणि ती चालत आली त्यावरून. आज्जी म्हणते पोरगी मी सांभाळते, आई म्हणते कारखान्याला सोबत नेते, त्यावरून. फळ्यावर यादी झाली आणि त्यातले तीन विषय पोरांनीच हात वर करून निवडले: नळाचं पाणी, एसटी, आणि कारखान्याला जाणारी पोरं. तुम्ही करणार असाल तर हा भांडणाचा प्रश्न नक्की विचारून बघा.

ऑगस्ट, म्हणजे कागद

मुख्याध्यापक सर चांगले आहेत पण निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली आहेत, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न, हे कुठं व्हायरल झालं तर? चूक नाही त्यांचं. आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेत विषय घेतला, ठराव करून घेतला. समितीत पालकच जास्त असतात त्यामुळे तिथे ठराव झाला की पुढे कुणी एकट्या शिक्षकाला धरत नाही, हे लक्षात ठेवा. ठरावात काय लिहायचं तेही सांगते: मुलं रेकॉर्डिंग करतील, पूर्ण नावं वापरणार नाहीत, फोटो-व्हिडिओ नाही, आधी पालकांना ऐकवणार, मगच बाहेर. बस एवढंच, पण लेखी.

मग केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीला गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज. तिथे टेबलावरच्या साहेबांनी विचारलं पॉडकास्ट म्हणजे काय, यूट्यूब चॅनेल का? मी म्हटलं नाही हो, रेडिओसारखं, फक्त आवाज. तर म्हणाले मग 'श्राव्य उपक्रम' लिहा. लिहिलं. खाली भाषेच्या अध्ययन निष्पत्ती जोडल्या, श्रवण, भाषण, मुलाखत घेणे, आणि नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस आहेत त्याचाही उल्लेख केला. एकदम अर्जाचं वजन वाढलं! अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊनच ऑफिस सोडा. लेखी परवानगी कधी येईल सांगता येत नाही पण पोच असली की निदान विचारायला तोंड असतं.

त्यातच बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना झाली आणि ऑगस्टच्या शेवटी सगळ्या शाळांना सुरक्षेचे आदेश आले, सखी सावित्री समिती, तक्रारपेटी, कॅमेरे, कोण येतं कोण जातं त्याची नोंद. माझी शाळा सुंदर शाळा अभियानाचा दुसरा टप्पाही त्याच महिन्यात, त्याचे फोटो अपलोड करत बसायचे. आमचा अर्ज कुठल्यातरी फाइलीखाली गेला. तोंडी उत्तर मिळालं की सध्या मुलांना शाळेबाहेर घेऊन फिरू नका. तेव्हा चिडले होते, पण त्या महिन्यात दुसरं कुणी काय म्हणणार होतं. शेवटी सप्टेंबरच्या मध्यावर परवानगी आली, अट अशी की गावात जाताना एक शिक्षिका आणि समितीतला एक पालक सोबत पाहिजे. ही अट पुढे इतकी कामाला आली की आता मी स्वतःहून घालते, कारण सोबतचे काका गावातले, त्यांनी हाक मारली की दारं उघडायची.

पालकांची संमतीपत्रं मात्र परवानगीची वाट न बघता आधीच घ्यायला सुरुवात केली होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं आहे, त्याचे नियम तेव्हा यायचे होते, पण नियम येवोत न येवोत, पोराचा आवाज बाहेर जाणार तर आईबापाला माहीत पाहिजे ना. छापील फॉर्म घरी पाठवला की सही होऊन येतो आणि कुणी वाचलेला नसतो. म्हणून संध्याकाळी घरी जाऊन वाचून दाखवले, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. फॉर्मवर मी तीन वेगळे चौकोन ठेवले: रेकॉर्ड करायला हो, गावात ऐकवायला हो, इंटरनेटवर टाकायला हो. बरेच पालक पहिल्या दोनला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणाले. एकच सही घेतली असती तर हे कळलंच नसतं. आणि आमच्यासारख्या गावात असाल तर हे सगळं दसऱ्याच्या आत उरका, नंतर पालक सापडत नाहीत.

आवाज

आता माईक. कॉलरला लावायचा लांब वायरचा माईक साडेसातशेला घेतला, माझ्या फोनला गोल जॅक नाही म्हणून टाइप-सी कनेक्टर दोनशेला, एक बरा हेडफोन सहाशे, पेनड्राइव्ह चारशे. झेरॉक्स, पेट्रोल धरून सगळं अडीच हजाराच्या आसपास गेलं. संयुक्त शाळा अनुदानातून थोडं मिळालं, तेही मार्चमध्ये, बाकी मी आणि समितीतल्या एका पालकाने घातले. माईक नसला तरी अडत नाही, फोन तोंडापासून एक वीत लांब आणि जरा बाजूला धरला, अगदी समोर नको, तर 'प' आणि 'फ' फुटत नाहीत.

खरी अडचण जागेची. वर्गावर पत्रे. सप्टेंबरात पाऊस आला की काहीच ऐकू येत नाही, पाऊस नसला की कबुतरं, आणि वर्ग रिकामा असेल तर आवाज घुमतो. आम्ही स्टाफरूम पाहिली, संगणक खोली पाहिली, शेवटी पोरांनीच शोध लावला, शालेय पोषण आहाराची कोठी. तांदळाच्या पोत्यांची थप्पी तिन्ही बाजूंना, पोती आवाज गिळून टाकतात, घुमणं बंद. स्वयंपाकाच्या ताई आधी कुरकुरल्या, पोरं पोत्यांवर चढतील म्हणून, मग त्याच दाराबाहेर उभं राहून 'गप रे, आत रेकाडिंग चालूय' असं सगळ्यांना ओरडायला लागल्या आणि ते ओरडणं रेकॉर्ड व्हायला लागलं.

दुसरी अडचण म्हणजे भाषण. माईक पुढे केला की आमचं प्रत्येक लेकरू एक पाऊल पुढे येऊन 'सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर' या सुरात जातं. वर्षानुवर्षं आपणच शिकवलंय ते. लिहून दिलं की वाचतात, पाठ करून आले की गातात. यावर जे चाललं ते असं, कागदावर वाक्य लिहायचंच नाही, चार शब्द लिहायचे, आणि माईककडे न बघता समोर बसलेल्या मित्राला सांगायचं. मित्राने मध्ये 'मग?' म्हणायचं. तो 'मग?' नंतर कापता येतो. गावच्या बोलीत बोलायचं का शुद्ध, यावर एका सरांशी माझं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं, पोरगं 'पाणी चौथ्या दिशी येतंय' म्हणालं तर तेच राहू द्या. ते राहिलं.

दर रेकॉर्डिंगच्या आधी दहा सेकंद कुणीच बोलायचं नाही, नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर टाकलंय, फुकट आहे, त्याला तो दहा सेकंदांचा तुकडा दाखवला की तो बाकीच्या रेकॉर्डिंगमधून तशी खरखर कमी करतो. फार कमी करायला जाऊ नका, मग माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. आणि व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आवाज दाबला जात नाही. संगीत म्हणून सिनेमातलं गाणं लावायचं नाही हे आधीच सांगून ठेवा, हक्कांची भानगड होते. आठवीतला एकजण हलगी छान वाजवतो, त्याची पंधरा सेकंद आणि शाळेच्या रूळाच्या घंटेचा एक ठोका, हेच आमचं संगीत.

पाणी

पहिला भाग पाण्याचा. पोरांना मी म्हटलं, 'पाणी येत नाही' असं बोलून चालणार नाही, किती येत नाही ते मोजा. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरलंय. सहा माणसांच्या घराला दिवसाला ३३० लिटर, आणि पाणी चार दिवसांनी येतं म्हणजे एका वेळी १,३२० लिटर भरून ठेवायला पाहिजे. हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हाच पोरं गप झाली कारण एवढं भरायला टाकीच नाही कुणाकडे. मग पंधरा लिटरचा हंडा आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन पाण्याच्या दिवशी दोन गट गावात, सोबत मी आणि ते काका. वरच्या आळीत हंडा मिनिटात भरायचा. खालच्या वस्तीत चार मिनिटं. पाणी पाऊण तास चालतं, म्हणजे खाली अकरा हंडे, १६५ लिटर, ते चार दिवस सहा जणांत, माणशी दिवसाला सात लिटरसुद्धा नाही. सातवीतली पोरगी म्हणाली मॅडम चुकलं असंल, परत करू. परत केलं, तेच आलं.

वर आणि खाली इतका फरक का, तर टिल्लू मोटार. नळालाच थेट मोटार लावून ओढतात, मग पुढच्याला धार राहत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही, कारण निम्म्या घरांत आहे. आणि आमच्या गटातल्या एका पोराच्या घरीही होती. बाकीचे कुजबुजायला लागले. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं तुला नको असेल तर हा भाग दुसऱ्या कुणाला देऊ. दोन दिवस तो काही बोलला नाही. मग कोठीत येऊन स्वतःच माईक घेतला आणि म्हणाला, 'टिल्लू आमच्या बी घरी हाय. पप्पा म्हणतेत सगळे काढतेत तर मी काढतो.' पूर्ण भागात मला हेच वाक्य सगळ्यात जास्त आवडतं. रेकॉर्डिंग वापरायच्या आधी त्याच्या वडिलांना ऐकवलं, ते हसले, म्हणाले खरंच आहे की, राहू द्या.

एवढं झालं आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांची बाजू घ्यायची राहिली तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आता पाण्यावर कोण बोलणार? दोघांनीही हात जोडले, मतदान होऊ द्या. पोरांना हे समजावून सांगणं अवघड गेलं की मोठी माणसं महिनाभर पाण्यावर बोलू शकत नाहीत पण पाण्यावर भाषण करणारी रिक्षा मात्र दिवसभर शाळेसमोरून जाणार! तुमचं वेळापत्रक आखताना निवडणूक बघून घ्या, हे मी कुठल्याच मार्गदर्शिकेत वाचलं नव्हतं.

एसटीचा भाग त्या मानाने पटकन झाला. आठवीनंतरच्या मुली शेजारच्या मोठ्या गावी जातात, अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत आहे, पण पास मोफत असून गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जात असेल तर त्या पासाचं काय करायचं, एवढाच मुद्दा. तिघींची मुलाखत, थांब्यावरचा आवाज, आगाराला पत्र, त्याची पोच. पाच मिनिटांत विषय संपला.

कारखाना

तिसऱ्या भागाला मी घाबरत होते. गटातली दोन मुलं स्वतःच जाणार होती. ज्यांचे आईबाप जातात पण पोरं मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं, शाळा व्यवस्थापन समितीच चालवते, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत आणि झोपायला आज्जी-आजोबांकडे. त्याचा सर्व्हे, याद्या, प्रस्ताव हे सगळं माझ्याच टेबलावर, तेही याच दिवसांत. जी पोरं जातातच त्यांना शिक्षण हमी पत्रक देतो, ते दाखवलं की तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कोठीत राहणाऱ्यांनी जाणाऱ्यांना प्रश्न विचारले. मी बाहेर थांबले, आतून हसण्याचेच आवाज जास्त येत होते. तिथं मोबाइल चार्ज कुठं करता, शेकोटीला भूत येतं का, आंघोळीला पाणी कुठून. मोठ्या माणसाने विचारलं असतं तर 'तुम्हाला काय त्रास होतो' असं विचारलं असतं आणि पोरांनी मान खाली घातली असती.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. गाळप १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० ला. पुढारी सांगत होते मतदान करून जा, मजुरांच्या टोळ्या नेणारे मुकादम सांगत होते लवकर चला. काही टोळ्या पाडवा झाला की निघाल्या, काही २० तारखेच्या रात्री. मला स्वतःला मतदान केंद्रावर ड्युटी, प्रशिक्षण, साहित्य वाटप, म्हणजे तो महिना पॉडकास्टच्या नावाने शून्य.

गेलेल्या दोघांशी आधीच ठरवलं होतं की जमेल तेव्हा आईबापाच्या फोनवरून बोलून पाठवायचं. डॉक्युमेंट वगैरे तिकडे शक्य नव्हतं, साधी व्हॉइस नोट, तीही तीन-चार दिवसांनी कधीतरी रात्री. कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावरून मुलगी बोलायची, सांगलीकडून मुलगा. मागे कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, भांडी, लहान भाऊ रडतोय, बैलांची घंटा. ती म्हणाली आई-पप्पा पहाटे चारला जातात, ती भावाला सांभाळते, दुपारी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करते. मी व्हॉइस नोटवर विचारलं शाळेचं काय, हमी पत्रक दिलं का तिथं. उत्तर आलं, 'शाळा लांब हाय मॅडम. पत्रक पेटीत ठिवलंय नीट, फाटलं न्हाई.'

ते ऐकून आमची गटातली पोरं काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, हे पहिल्यांदा ठेवायचं का शेवटी? त्यांचं कामाकडेच लक्ष होतं आणि मला वाटतं तेच बरं. शेवटी मधे ठेवलं, कारण शेवटी ठेवलं तर रडकं होतं असं त्यांचं मत पडलं.

मुलाच्या एका नोटमध्ये त्याने वडिलांनी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती, फिटली किती आणि मुकादम काय बोलला हे सगळं सांगून टाकलं होतं. नावासकट. मी त्याच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम तेवढं काढा, पुढच्या वर्षी याच्याकडूनच उचल घ्यायचीय. काढलं. आठवीतली एक मुलगी माझ्याशी भांडली, मग आपण खरं कुठं सांगितलं? तिला मी उत्तर दिलं की ज्याला त्या फडावर रात्र काढायचीय त्याचं ऐकायचं. तिला पटलेलं नाही, अजूनही वर्गात मधूनच काढते. मीसुद्धा तिला गप करत नाही.

ऐकवणं

डिसेंबरात ग्रामपंचायतीची बाजू मिळाली. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बऱ्यापैकी मोकळेपणाने सांगितलं, वीज कधी असते, वॉल्व किती, पाणी सोडणारा माणूस एकच, आणि मोटारी जप्त करायला गेलं की कोण कोणाचा पाहुणा निघतो. एडिटिंग नाताळच्या सुट्टीत. प्रत्येक भाग आठ मिनिटांच्या आत ठेवला, पोरांनी आधी चौदा मिनिटांचा केला होता आणि स्वतःच ऐकताना कंटाळली. मोनो आणि ६४ केबीपीएसवर काढा, सहा मिनिटांची फाइल तीन एमबीच्या आत बसते, कमी नेटवरही उतरते.

२६ जानेवारी २०२५, झेंडावंदन झालं आणि त्यानंतर ग्रामसभा. परवानगी समितीच्या ठरावाने आणि सरपंचांशी बोलून आधीच घेतली होती. अचानक लावलं असतं तर भांडणच झालं असतं. शाळेचाच स्पीकर. पाण्याचा भाग लावला. वरच्या आळीतले दोघं-तिघं उठून गेले. सात लिटरचा आकडा आला तेव्हा एका म्हातारीने मोठ्याने 'ऐका!' म्हटलं. टिल्लूचं वाक्य आल्यावर हशा झाला आणि मग वादावादी, ती तासभर.

काय बदललं? जास्त फुगवून सांगत नाही. पाणी सोडायचा क्रम उलटा केला, आधी खालची वस्ती आणि मग वरची आळी, हे अजून चालू आहे. मोटारी काढायचा ठराव झाला, काही निघाल्या, उन्हाळा लागताच काही परत लागल्या. त्या पोराच्या घरची निघाली आहे. एसटीचं आगाराकडून दोन ओळींचं पत्र आलं की मागणी विचाराधीन आहे, गाडी आहे त्याच वेळेला येते.

पाण्याचा आणि एसटीचा भाग इंटरनेटवर टाकलाय, खातं माझ्या नावाने, मुलांच्या नावाने नाही. स्पॉटिफायवर फुकट ठेवता येतं, चौकोनी चित्र लागतं, ते सहावीतल्या पोरीने काढलं. ज्यांच्या पालकांनी तिसऱ्या चौकोनात नाही म्हटलं होतं त्यांचे आवाज त्या दोन भागांतून काढून तीच वाक्यं दुसऱ्या मुलांकडून घेतली. कारखान्याचा भाग टाकलेला नाही आणि टाकणारही नाही, तो फक्त पालकांना आणि हंगामी वसतिगृहाच्या बैठकीत ऐकवला.

गुढीपाडव्याच्या सुमारास कारखान्याला गेलेली दोघं परत आली. दोघांनी कोठीत बसून स्वतःचा भाग ऐकला. मुलगी म्हणाली आवाज माझा वाटतच नाही, आणि बैलाची घंटा लई मोठी झालीय, ती कमी करा. केली.

२०२५ च्या जूनमध्ये नवीन गट आला आणि भांडणाच्या प्रश्नावर यंदा गुटखा वर आला. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायला मनाई आहे, म्हणजे साधारण ९१ मीटर. पोरांनी मैदान आखायच्या टेपने गेटपासून मोजलं. पहिली टपरी ३८ मीटरवर निघाली आणि ती समितीतल्याच एका सदस्यांच्या भावाची आहे. ठरावासाठी विषय सभेपुढे ठेवलाय. सरांनी यावेळी व्हायरलचं काही विचारलं नाही, एवढंच म्हणाले, टेप नीट ताणून धरला होता ना?